उद्या काढायचा जंपर

लोणारच्या बसस्थानकाजवळ इंगळे काकांचं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान होतं. काउंटरवर लोणच्याची एक रिकामी बरणी असे आणि तिच्यात काका लोकांची हुशारी साठवत. केसांची पिन, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, स्टेपलरच्या टाचण्या, सायकलच्या आऱ्याचा तुकडा आणि एक खरंखुरं जोडवं. यातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पोटातून निघालेली होती. जिथे विजेची वाट तुटली होती, तिथे घरात सापडेल त्या धातूने कुणीतरी ती सांधली होती. जोडवं निघालं ते शाळेच्या घंटेच्या टायमरमधून. जळगाव जामोदहून बदली होऊन आलेल्या एका मुख्याध्यापकांची ती करामत होती.

"सर, घरी माहीत हाय काय?" काकांनी जोडवं चिमट्यात धरून विचारलं.

"तिनंच काढून देलं," सर म्हणाले. "म्हणे, शाळेच्या घंटेपायी रोज माह्या डोक्यात घंटा वाजवता, त्यापेक्षा हे घ्या."

इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी या दुकानात काम करू लागले, तेही पुण्याची नोकरी मिळेपर्यंतच, अशा स्पष्ट अटीवर. अट मीच घातली होती. काका म्हणाले, "घाल बाई. पण तोवर झाडू कोणी मारायचा तेबी ठरवून घे."

ज्यांनी यंत्राच्या आतलं कार्ड कधी पाहिलं नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिरव्या पाटीवर तांब्याच्या बारीक वाटा छापलेल्या असतात. काही ठिकाणी वाट मुद्दाम तोडून तिच्या दोन टोकांना दोन उभ्या काड्या ठेवतात. त्या काड्यांवर बसणारी, तुरीच्या दाण्याएवढी काळी प्लास्टिकची टोपी म्हणजे शंट. टोपीच्या आत धातूची पट्टी असते. टोपी बसवली की दोन काड्या जोडल्या जातात आणि यंत्राला एखादी सवय लागते. काढली की ती सवय सुटते. जंपर म्हणजे त्याच कामाची साधी तार. वाट जळालेली असेल, किंवा मधला एखादा भाग नादुरुस्त असेल, तर नाल्यावर फळी टाकावी तशी ती अलीकडून पलीकडे टाकायची.

जळालेली वाट सांधणारा जंपर निरुपद्रवी असतो. तो जन्मभर राहिला तरी चालतो. सुरक्षेच्या कळीवर, म्हणजे स्विचवर, टाकलेला जंपर मात्र वेगळा. तो यंत्राला सांगतो की झाकण बंद आहे, पाणी पुरेसं आहे, सगळं ठीक आहे. आणि यंत्र त्यावर विश्वास ठेवतं. आमच्याकडे याला "डायरेक्ट करणं" म्हणतात. निम्मी गिऱ्हाइकं पायरीवरूनच "डायरेक्ट करून द्या" म्हणत आत येतात.

काका ते क्वचितच करून देत. दिलंच, तर लाल तारेने. आणि निघताना स्वतःची पक्कड त्या यंत्राला लटकवून येत. लोक मागून ओरडत, "काका, पक्कड राह्यली तुमची!"

"राह्यली नाई, ठेवली हाय. तार काढाले येईन, तवा नेईन."

त्यांच्याकडे एकच पक्कड होती. तिच्या मुठींवर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलेलं होतं, आणि दुसरी पक्कड ते हेतुपुरस्सर घेत नसत. मग दोन दिवस सुरीने तारा सोलायच्या, दातांनी ओढायच्या, स्वतःवरच चिडायचं आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या बसने जाऊन लाल तार काढून, पक्कड घेऊन परत यायचं. मला ही पद्धत अशास्त्रीय वाटे. माणसाने स्मरणाचा भार वस्तूवर का टाकावा? मी मोबाइलमध्ये यादी तयार केली: गाव, यंत्र, काय जोडलं, कधी काढायचं. ठरलेल्या दिवशी घंटा वाजेल अशी व्यवस्था केली आणि काकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पण यादीनं हात अडत नाई, पोरी."

बीबी गावात बायकांच्या बचत गटाची एक लहान डाळ मिल आहे. एक खरखरीत रूळ फिरतो, त्याच्यावर घासून तुरीचं साल निघतं. रूळ आणि त्याला फिरवणारा पट्टा यांच्यावर पत्र्याचं झाकण असतं. झाकण उघडलं की खालची कळ सुटते आणि मिल थांबते; तिला लिमिट स्विच म्हणतात. शिवाय मिलच्या कार्डावर एक काळी टोपी होती. आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नाही, म्हणून ती परत आल्यावर मिल आपोआप सुरू व्हावी, अशी बायकांची मागणी होती. त्यासाठी काकांनी ती टोपी बसवून दिली होती. झाकणाची कळ शाबूत आहे तोवर ही टोपी सुरक्षित होती. काकांनी कळ तपासूनच ती बसवली होती.

मिल चालवत कुसुमताई. चाळिशीच्या, ठेंगण्या, सतत बोलणाऱ्या. रुळाखालून येणाऱ्या तुरीचा एक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत फिरवून, त्याच्याकडे न पाहता त्या सांगत, "अजून एक फेरा पाह्यजे." त्यांचा अंदाज चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. मी एकदा साधनाने दाण्यातला ओलावा मोजून पाहण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी दोन बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "हे साधन काय वाईट हाय? याले सेलबी लागत नाई."

तुरीच्या ऐन हंगामात त्यांचा फोन आला की मिल बंद पडली. मी गेले. भुशाने लिमिट स्विच जाम होऊन जळाला होता. नवा अकोल्याहून मागवावा लागणार होता. चार दिवस लागतील, असं मी सांगितलं.

"चार दिवस? लोकाईचे पोते आडवे पडून राह्यले इथं. बसाले जागा नाई, पाह्य."

"तोवर जंपर टाकता येईल. पण तो तात्पुरता."

"झंपर?" कुसुमताई खो-खो हसल्या. "झंपर तं माही आजी घालत होती. टाक बाई, मशीनलेबी झंपर घाल."

पॅनेल अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. कुसुमताईंनी माझ्या मोबाइलची बत्ती धरली, आणि मी कळीच्या दोन टोकांमध्ये लाल तार आवळली. मिल सुरू झाली. मी बजावलं, "झाकण उघडायचं नाही. उघडायचंच झालं तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा."

त्यांनी मान डोलावली. पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या मिलमध्ये भिंतीवरचं बटण कुणीही कधी वापरत नसे. बटण पोत्यांच्या पलीकडे आणि झाकण हाताशी, त्यामुळे मिल थांबवायची म्हणजे झाकण उघडायचं, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची रीत. कंपनीने जी गोष्ट धोक्याच्या वेळेसाठी दिली होती, तीच त्यांचा रोजचा स्विच झाली होती. मी तिथे अनेकदा गेले होते, पण ही रीत कधी पाहिली नव्हती. कारण मी जाई ती मिल बंद पडल्यावरच. चालू मिलपाशी अर्धा तास उभं राहणं माझ्या कामात बसत नव्हतं.

हे अज्ञान क्षम्य मानलं, तरी दुसरी गोष्ट क्षम्य नाही. झाकणाची कळ निकामी केल्यावर ती काळी टोपी तिथे राहता कामा नये, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावं. एकटी टोपी ठीक, एकटी तारही चार दिवस ठीक; दोन्ही एकत्र असल्या की उघडं यंत्र स्वतःहून सुरू होऊ शकतं. मी ती टोपी पाहिली होती. ती माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर होती आणि काढायला एक सेकंद लागला असता. मी काढली नाही. टोपी काढली असती, तर वीज आल्यावर मिल आपोआप सुरू झाली नसती, बायकांनी पुन्हा फोन केला असता. आणि त्या आठवड्यात मला बीबीहून पुन्हा फोन नको होता. पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत मी दिली होती आणि निकाल केव्हाही येणार होता.

दुकानात परतल्यावर काकांनी विचारलं, "काही ठेवून आली काय तिथं?"

"यादीत आहे, काका."

नवा स्विच चौथ्या दिवशी आला. त्याच दिवशी पुण्याहून निवडीचं पत्रही आलं. स्विच मी टेबलाच्या खणात ठेवला. ठरल्याप्रमाणे मोबाइल वाजला: "बीबी, डाळ मिल, जंपर काढणे." मी कागदपत्रांच्या प्रती काढत होते. पडद्यावर दोन पर्याय होते, "झाले" आणि "उद्या". मी "उद्या" दाबलं. दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणीचा दाखला आणायचा होता, तेव्हाही उद्या. तिसऱ्या दिवशी नेमकं काय काम होतं, ते आता आठवत नाही. बोट मात्र आठवतं; त्याला आता सवय झाली होती.

स्विच आल्यानंतरच्या चौथ्या दिवशी दुपारी बीबीत वीज गेली. रुळाच्या तोंडाशी तूर अडकलेली होती. तार टाकल्यापासून त्या पोत्यांवरून वाकून बटण दाबत; पण आता मिल थांबलेलीच होती, म्हणून कुसुमताईंनी जुन्या रीतीने झाकण उघडलं, म्हणजे त्यांच्या लेखी मिल बंद केली, आणि उजव्या हाताने दाणे उकरू लागल्या. वीज आली. त्यांची तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बीबीला पोहोचले, तर काका माझ्याआधीच्या बसने तिथे आलेले होते. मिलमध्ये गटाच्या बायका आणि कुसुमताईंचे दीर सुभाषराव उभे होते. पॅनेल उघडं होतं. मी दारातूनच पाहिलं: लाल तार जागेवर नव्हती, नवा स्विच बसलेला होता. काकांकडे दुकानाच्या खणाची किल्ली असे. त्यांच्या शर्टाच्या खिशातून लाल तारेचं बोटभर टोक बाहेर डोकावत होतं.

"ही टोपी," काका कार्डाकडे बोट दाखवत होते. "हिच्यानं मशीन आपोआप सुरू होते. ही मी लावली होती."

"मंजे हे तुमच्या हातानं झालं?" सुभाषरावांनी विचारलं.

"टोपी माह्या हातची हाय."

"हो का नाई, थे सांगा."

"हाव," काका म्हणाले.

गयाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई मटक्याशी उभ्या होत्या. त्यांनी मटक्यावरचं झाकण, मला वाटतं नकळतच, घट्ट दाबून बसवलं. काकांचं वाक्य शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं, आणि त्यातला खोटेपणा ओळखणारी तिथे मी एकटीच होते. एक वाक्य बोलायचं होतं: तार माझी होती. मी ते मनात व्यवस्थित जुळवलंही. मग पुढचं जुळवलं: तक्रार होईल, चौकशी होईल, नोकरीवर रुजू व्हायला आठ दिवस उरले आहेत. काकांनी माझ्याकडे पाहिलं असतं, तर कदाचित मी बोलले असते. त्यांनी पाहिलं नाही. माझ्यावर त्यांनी नजरेचाही भार टाकला नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. लोणारला उतरताना काका म्हणाले, "पुण्याले थंडी राहते म्हणतात. स्वेटर ने."

तक्रार झाली नाही. पण लोणार तालुक्यात बातमीला बस लागत नाही. काकांना "टोपीवाले" हे नाव पडलं. बीबीची कामं बंद झाली, मग आसपासच्या गावांची. मी पुण्यात यंत्रांच्या नियंत्रण-कार्डांची तपासणी करू लागले. माझ्या अहवालांची प्रशंसा होई. उघडं झाकण आणि आपोआप सुरू होणं यांचा संबंध मी कोणत्याही कार्डाच्या नकाशात पहिल्या नजरेत पकडते, असं वरिष्ठ म्हणत. काकांना मी महिन्यातून एकदा फोन करी. ते विचारत, "जेवली काय?" मी विचारत असे, "दुकान कसं आहे?" ते म्हणत, "हाय." नोकरी कायम झाली की बीबीला जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ती झाली. मग बढती झाली की, असं ठरवलं. तीही झाली. मोबाइलच्या पडद्यावरचे ते दोन पर्याय माझ्या डोक्यात तसेच उघडे होते, आणि मी सहा वर्षं एकच दाबत राहिले.

मागच्या वर्षी काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी लोणारला आले. जेवणं आटोपल्यावर काकूंनी मला आत बोलावलं आणि काउंटरवरची ती बरणी माझ्यासमोर ठेवली.

"हे तू ठेव. त्यायची पक्कडबी तुलेच देली असती, पण थे घरात नाई."

"कुठे आहे?"

"बीबीले. मी म्हणत जाओ, घेऊन या, नाई तं दुसरी घ्या. ऐकतच नव्हते. शेवटपर्यंत सुरीनं तारा सोलल्या त्या माणसानं."

काम संपलं की पक्कड परत येते, हा त्यांचा नियम. मग सहा वर्षं ती बीबीत का होती?

दुसऱ्या दिवशी मी बीबीला गेले. मिल चालू होती. कुसुमताईंचे केस पिकले होते. डाव्या हाताच्या चिमटीत दाणा धरून त्या तो डोळ्यांजवळ नेत होत्या, उजेडात फिरवत होत्या आणि शेजारच्या बाईला विचारत होत्या, "झाली काय वं?" मला पाहून त्यांनी मिल थांबवली, भिंतीवरच्या बटणाने. पॅनेलच्या कडीला पक्कड लटकत होती.

"बोटं गेली तवा काकाले म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात आले होते थे. म्हटलं, बायका सांगतात स्विच तं बसला, मंग पक्कड कायले लटकवली? तं म्हणे, काम अर्धं राह्यलं. ज्याचं हाय थे येईन."

मी म्हणाले, "कुसुमताई, ती लाल तार मी लावली होती."

"मले काय सांगते? बत्ती कोणं धरली होती?"

त्या तिथे होत्या हे मी विसरले नव्हते. दवाखान्यात पडलेल्या बाईला कोण विचारायला जाणार, असा विचार मी सहा वर्षांपूर्वी त्या दारात उभी असताना केला होता. तो विचार आज प्रथमच लिहिते आहे.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"काकानं हात जोडले. पोरगी जाऊन राह्यली, जाऊ दे म्हणे. मी म्हटलं, ठीक हाय, मी नाई सांगत. मले वाटलं, तूच सांगशील." उजवा हात त्यांनी पदराखाली घेतला. "लय वाट पाह्यली, बाई."

मी पक्कड काढायला हात पुढे केला. त्यांनी तो अडवला. "अशी नाई. आज मीटिंग हाय. बायकाईपुढं सांग, मंग ने."

चार वाजता बायका जमल्या. मी उभी राहून सगळं क्रमाने सांगितलं: कळ, टोपी, तार, यादी, खणातला स्विच, काकांच्या खिशातलं टोक. काही बायकांना तपशील समजले नसतील. पण मी कुठे गप्प बसले, ते सगळ्यांना समजलं. सुभाषराव दाराशी उभे होते, ते निघून गेले. मग गयाबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्यानंतर थे दोनदा आले होते इथं, मशीन पाहाले. उन्हातान्हाचे. आम्ही त्या माणसाले पाणी नाई इचारलं."

मला त्यांनी पाणी दिलं. ते मी प्यायले, कारण नाकारण्याचाही अधिकार मला नव्हता.

कुसुमताई उठल्या. डाव्या हाताने कडीवरून पक्कड काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. सहा वर्षं भुशात आणि पावसाळी हवेत लटकलेली पक्कड गंजून आवळली असेल, जोर लावावा लागेल, असं गृहीत धरून मी दोन्ही मुठी घट्ट पकडल्या. ती अलगद उघडली. सांध्यातून तेलाचा थेंब माझ्या बोटावर आला.

"दर आमुशेले मशीनले तेल देतो, तवा हिलेबी देत होतो," कुसुमताई म्हणाल्या. "न्याले येणाऱ्याले गंजकी काऊन द्यावं?"